गणपतीला येत नाही, रागावू नका

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

यंदा गणपतीला येणं होत नाही. शाळेच्या सी स्काऊट पथकाचं, म्हणजे होड्या चालवायला शिकणाऱ्या स्काऊट मुलांचं, पाण्यावरचं काम मी घेतलंय. विचारायला हवं होतं असं वाटेल, पण विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता आणि मला ते मोडवलं नसतं. इथे इंग्लंडात, साउदॅम्प्टनला, पाणी सगळ्यात उबदार असतं ते ऑगस्ट-सप्टेंबरात, आणि नवी मुलं येतात तीही सप्टेंबरात. नेमके तेच आठवडे. डिसेंबरातली सगळी सुट्टी मात्र तुमचीच.

इथले बहुतेक स्काऊट गट वस्तीतले असतात, शाळेचे थोडे. शाळेच्या गटात मुलं शिकून तयार झाली की शाळाच सोडून जातात, दरवर्षी पहिल्यापासून सुरुवात. शिकवणारे सगळे बिनपगारी. त्यात ज्याच्याकडे मुलांना पाण्यावर न्यायचं परमिट आहे असा मोठा माणूस नसला की होड्या शेडमधून बाहेरच निघत नाहीत. परमिटही पाणी बघून मिळतं, शांत नदीवरचं समुद्रात चालत नाही. माझ्याकडे होतं. आता नाही कसं म्हणू, आई?

बाबा, तुम्ही फोनवर १९१२ ची, इथल्याच लेसडाउनच्या किनाऱ्याजवळ बुडालेल्या स्काऊटांची गोष्ट काढलीत. खरी आहे ती. ऑगस्टचा महिना, अचानक वाऱ्याचा झोत आला, होडी उलटली, नऊ मुलं गेली. ते बोलताना तुम्हाला आणखी काय आठवत होतं ते मला कळलं. अण्णाकाकांचं नाव तुम्ही घेतलं नाहीत, मीही घेत नाही. फक्त आम्ही काय करतो ते सांगते.

५० मीटर पोहून पाच मिनिटं तरंगता आल्याशिवाय मुलाला होडी नाही. अंगात बॉयन्सी एड, म्हणजे तरंगत ठेवणारं जाकीट, ५० न्यूटन उचल देणारं. आपोआप फुगणारं लाइफजॅकेट छोट्या होडीत मुद्दाम देत नाही, ते पाण्याचा सपका बसला की फुगतं आणि उलटलेल्या होडीखालून निघताना अडकवतं. बकल लावल्यावर मी प्रत्येकाला खांद्याच्या पट्ट्यांना धरून वर ओढते. एड कानापर्यंत सरकलं तर माप मोठं, बदलायचं. वाऱ्याच्या बोफर्ट मापात ४ झाला, म्हणजे वारा ११ ते १६ नॉट, की नवशिके किनाऱ्यावर बसून गाठी मारतात. कुरकुरतात, कुरकुरू देत.

होडी उलटते. उलटणारच, पहिला धडाच तो. एप्रिलात पाणी दहा अंशांच्या आसपास असतं, पडल्यावर मिनिटभर श्वास ताब्यात राहत नाही. म्हणून वेटसूट, आणि आधी नुसतं तरंगायचं, मग हातपाय. होडी सोडून किनाऱ्याकडे पोहायचं नाही. पाण्यातलं डोकं सेफ्टी बोटीला दिसत नाही, होडी दिसते. पुढची पायरी मुलं हमखास विसरतात: शिडाची दोरी क्लीटमधून, म्हणजे ती अडकवायच्या खाचेतून, सोडवायची. न सोडवता होडी उभी केली तर शिडात वारा भरून ती पुन्हा आडवी होते, नाहीतर पोरांना टाकून एकटीच निघते. मग एकजण सेंटरबोर्डवर, म्हणजे बुडातून बाहेर आलेल्या फळीवर, वजन टाकतो, दुसरा आतला पट्टा धरून पाण्यात पडून राहतो. होडी उठते ती त्याला आत घेऊनच. दुर्बळ मुलालाही जमतं, ताकदीचं काम नाही. डोलकाठीच्या टोकाला फ्लोट असतो, त्यामुळे होडी सहसा पूर्ण उपडी होत नाही. सेफ्टी बोटीवर इंजिनची किल-कॉर्ड चालवणाऱ्याच्या पायाला, तो पडला की इंजिन बंद. आणि सगळ्यात साधी चूक म्हणजे बुडाचं बूच लावायचं राहणं. ते मी स्वतः हात लावून बघते.

बाबा, भरती-ओहोटी तुम्हाला मी काय शिकवणार. पण इथलं पाणी ऐका: भरती दोनदा येते, वर चढून थांबते, जरा उतरते, पुन्हा चढते. मग ओहोटी चार तासांच्या आत उरकते, म्हणून उधाणाच्या दिवसांत तिची ओढ भारी. आम्ही आधी ओढीच्या विरुद्ध निघतो, म्हणजे दमलेली पोरं परत येताना पाणीच आणून सोडतं. वाऱ्याचंही तेच बघायचं. पटतंय ना तुम्हाला?

आई, मी तिथे नीट जेवते. लोकरी टोपी असते, पाण्यातून आल्यावर आधी कोरडे कपडे, मग गरम सूप. खाडीवर निघालं की तू म्हणायचीस, गुडघ्याच्या वर पाणी नको. अजून ऐकू येतं. इथे ते पाळता येत नाही एवढंच, बाकी सगळं पाळते.

आता तुम्ही ऐका. मखराला बाबांनी स्टुलावर चढायचं नाही, शेजारच्या मुलाला सांगा. मूर्ती उचलायचीही नाही, हातगाडी लावा. यंदा दीड दिवसाचाच बसवा, पाच दिवसांचा हट्ट नको. मोदक एकवीसच, आणि तेही सुलूताईला हाताशी घेऊन. आई, ओल्या अंगणात ती जुनी स्लीपर घालून जाऊ नकोस, नवी कपाटात तशीच पडली असेल. बाबा, सकाळची बीपीची गोळी उपास असला तरी घ्यायची, आणि डोळ्यांची तारीख पुढे ढकलायची नाही. मी भावजींना सांगितलंय, तेच नेतील.

शनिवारी मी पाण्यावर असते तेव्हा फोन लागणार नाही, तो शेडमध्ये ठेवलेला असतो. घाबरायचं नाही. तुमच्या रात्री नऊनंतर मीच करेन, तोवर जेवून घ्या.

तुमची,
बाळी