जिवाणू खत टाकलं, पण त्याच्या जेवणाचं काय?

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

शेती पुरवणीतला जिवाणू खतांवरचा लेख वाचला. डोस, पाकिटं, अनुदान सगळं होतं, पण कुठला जिवाणू काय खाऊन जगतो हेच आलं नाही आणि आम्ही शेतकरी नेमके तिथेच फसतो. आमच्याकडे उसाच्या खोडव्याला (तोडणीनंतर बुडख्यातून फुटलेल्या पिकाला) ॲझोटोबॅक्टर हे जिवाणू खत सोडलं आणि त्याच्या आदल्याच आठवड्यात पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, पेटवून दिलेलं. हा जिवाणू हवेतलं नत्र बांधतो हे खरं, पण त्याला ताकद आणि कार्बन दोन्ही कुजणाऱ्या काडीकचऱ्यातून आणि मुळातून पाझरणाऱ्या साखरेतूनच मिळतं. एक ग्रॅम साखर खाल्ली तर लॅबमध्येसुद्धा जेमतेम १०-२० मिलिग्रॅम नत्र बांधतो, मग राखेवर काय करणार तो?

मुळावरच्या गाठीत राहून नत्र बांधणाऱ्या रायझोबियमचं बरं असतं, त्याला झाड घरात घेऊन जेवायला घालतं. भुईमुगाच्या मुळावरची गाठ नखाने फोडून बघा, आत गुलाबी दिसली तर समजायचं कामाला लागलाय.

आणि सगळ्यात नवल मला मातीतल्या नायट्रोसोमोनास ह्या जिवाणूचं वाटतं. युरियाचा अमोनिया होतो, हा त्याचं नायट्राइट करतो, पुढे दुसरे जिवाणू नायट्रेट करतात. ह्यांना पाचट नको, शेण नको, ऊनही नको, अमोनियातूनच ताकद काढायची आणि कार्बन डायऑक्साइडपासून अंग बनवायचं, झाडासारखं पण अंधारात! विनोग्रॅडस्की ह्या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास झुरिकमध्ये हे दाखवून दिलं. पण ह्या धंद्यात कमाई फार थोडी म्हणून त्यांची वाढ सावकाश, आणि हवा तर लागतेच. रात्रभर मोटार चालू ठेवून रान चिबड केलं, म्हणजे पाणी साचून हवा कोंडली, की ते थंडावतात आणि ऑक्सिजन नसताना नायट्रेटवर श्वास घेणारे दुसरे जिवाणू जोर धरतात, आपलं विकतचं नत्र वायू होऊन उडून जातं. आमचे आजोबा वाफसा वाफसा (मातीत ओल आणि हवा दोन्ही बेताची) म्हणून ओरडायचे ते उगाच नाही.

तेव्हा विनंती एवढीच, की पुढच्या पुरवणीत प्रत्येक जिवाणूपुढे त्याचं खाणं काय आणि त्याला हवा लागते का हे साध्या मराठीत छापा, पाकिटावरही यायला पाहिजे खरं तर.

यंदा आम्ही पाचट सरीतच ठेवलंय, वरून शेणस्लरी सोडली. परवा उचलून बघितलं तर खाली गार ओल, गांडुळं आणि उसाची पांढरी मुळं थेट पाचटात शिरलेली.

आपला,
एक ऊस उत्पादक वाचक, ता. वाळवा