डाव्या पंखामागचं झाकण

प्रिय दादा,

तुम्हाला मराठी वाचता येत नाही. इंग्रजीत आभार मानायला गेले की तुम्ही हातातलं फडकं झटकता आणि पाना मागता. म्हणून हे पत्र मराठीत लिहून सगळ्यांसाठी उघडं ठेवतेय. शनिवारी आलात की जमेल तेवढं वाचून दाखवीन, वही वाचून दाखवते तसं.

वाचणाऱ्यांना आधी गाडी सांगायला हवी. १९५७ ची शेव्हरलेट बेल एअर, चार दारांची, व्ही-एट म्हणजे आठ सिलिंडरच्या इंजिनाची, लांबीला जवळपास सतरा फूट. अंग मोरपिशी, टप पांढरट. त्या पांढऱ्याला कंपनीने नाव दिलं होतं 'इंडिया आयव्हरी'. त्या नावावर भाळून गाडी घेतली, असं आमचे हे सगळ्यांना सांगत. खरं कारण मला ठाऊक होतं. माझे सासरे मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सच्या कारखान्यात फिटर होते. १९२८ पासून तिथे सुटे भाग जोडून गाड्या तयार होत. १९५४ मध्ये तो कारखाना बंद झाला, तेव्हा हे नऊ वर्षांचे होते. ज्या गाड्या सासऱ्यांनी जोडल्या, त्यांतल्या एकीतही ते कधी प्रवासी म्हणून बसले नाहीत. मिशिगनला येऊन दोन दशकं झाल्यावर, १९९४ मध्ये, यांनी ही गाडी दारात आणली. पहिल्या दिवशी सासऱ्यांचा फोटो मागच्या सीटवर ठेवून गावातून एक फेरी मारली. मी पुढे बसले होते. आम्ही दोघंही काही बोललो नाही.

२०१७ मध्ये हे गेले. गाडी चार हिवाळे गॅरेजमध्ये चादरीखाली उभी राहिली. मुलं म्हणाली, विकून टाक. एक गिऱ्हाईक आलंही. क्रोमवर बोट फिरवून त्याने आकडा सांगितला आणि मी 'उद्या कळवते' म्हणाले. त्याच संध्याकाळी चुकून तुमच्या पेटीत पडलेलं माझं पत्र द्यायला तुम्ही रस्ता ओलांडून आलात. गॅरेजचं दार उघडंच होतं. चादरीखालून डोकावणारा पंख, म्हणजे गाडीच्या मागच्या कोपऱ्याचा उचललेला पत्रा, बघून तुम्ही एवढंच विचारलंत, "पेट्रोल शेवटचं कधी भरलं?"

मला सांगता येईना. झाकण कुठे असतं तेही माहीत नव्हतं. तेवीस वर्षं मी त्या गाडीत शेजारच्या सीटवर बसले, पेट्रोल नेहमी यांनी भरलं. तुम्ही डाव्या पंखाची मागची क्रोमची पट्टी हलकेच बाजूला फिरवलीत आणि आत टाकीचं तोंड दिसलं. जुन्या वार्निशसारखा उग्र वास आला. "टाकी उतरवावी लागेल," तुम्ही म्हणालात. विकू का, असं मी विचारलं नाही आणि ते तुम्हीही सुचवलं नाहीत. दुसऱ्या दिवशी मी त्या गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवलं.

पुढच्या शनिवारी तुम्ही ड्रायव्हरच्या दाराशी, खांबावरच्या पट्टीवरून अंगठा फिरवलात आणि मला नंबर वाचायला लावलात. व्ही, सी, ५७, एफ. व्ही म्हणजे व्ही-एट, सी म्हणजे बेल एअर, ५७ म्हणजे साल. "आणि एफ म्हणजे फ्लिंट," म्हणून तुम्ही रस्त्याकडे बोट केलंत. फ्लिंट म्हणजे आमच्या जवळचं, मोटारींच्या कारखान्याचं शहर. ही गाडी आमच्या घरापासून काही मैलांवर जन्मली होती. त्या वर्षी तुमचे वडील तिथल्या कारखान्यात, गाड्या जोडण्याच्या लाइनवर होते. तुम्ही सतरा वर्षांचे होता आणि पुढे तुमचीही तीस वर्षं त्याच कामात गेली. मग मी शिवडीचं सांगितलं. तुम्ही टोपी काढून बाकावर ठेवलीत आणि सासऱ्यांच्या हाताखाली किती माणसं होती, पाळी किती तासांची असे, सगळं विचारत राहिलात. मला निम्मंही सांगता आलं नाही. आजवर त्यांच्या कामाची चौकशी इतक्या आस्थेने कुणी केली नव्हती, माझ्या घरातल्यांनीसुद्धा.

त्या उन्हाळ्यात काय काय निघालं! टाकी धुतली, रबरी नळ्या बदलल्या. चारही चाकांचे ब्रेक सिलिंडर गंजून घट्ट बसले होते. या गाडीच्या ब्रेकला तेलाची एकच वाट, एकीकडे गळती झाली की चारही चाकांचे ब्रेक जातात. ते काम पुरं होईपर्यंत तुम्ही गाडी दाराबाहेर काढू दिली नाहीत. मी घाई करत होते. तुम्ही ऐकलं नाहीत, त्याबद्दल आज वेगळे आभार.

आणि मग तो हट्टी दोष. इंजिन सकाळी झकास सुरू होई, वीस मिनिटांनी गरम झालं की बंद. तासभर थंड झालं की पुन्हा सुरू. पेट्रोल तापून वाफ धरतंय असं समजून तुम्ही पंप बदललात, नळीची वाट बदललीत. तीन शनिवार गेले. तिसऱ्या शनिवारी डॅशबोर्डच्या कप्प्यातली वही तुमच्या हाताला लागली. तुम्ही पानं उलटलीत आणि माझ्याकडे धरलीत, "हे काय लिहिलंय?"

यांची वही मी तोवर उघडली नव्हती. धीर होत नव्हता. तुम्ही उलट्या बादलीवर बसलात आणि मी उभ्यानेच पहिल्या पानापासून वाचत सुटले. 'मीटरला पाचच आकडे. एक लाख मैल झाले, पुन्हा सगळी शून्यं. पेढे आणले.' 'टाकी अर्ध्याखाली गेली की काटा खोटं बोलतो.' 'सहा नंबरचा प्लग तेलकट.' 'हिला आज खिडकीची काच चढवताना त्रास झाला, तेल घालणे.' ही म्हणजे मी. तिथे मी थांबले, आणि तुम्ही पुढचं वाचा म्हणाला नाहीत. थंड झालेली कॉफी हातात धरून बसून राहिलात.

शेवटच्या लिहिलेल्या पानावर ओळ होती, 'तापली की दम सोडते. कॉइल. नवी आणून डिकीत ठेवली.' कॉइल म्हणजे प्लगच्या ठिणगीला वीज पुरवणारा भाग. मी इंग्रजीत सांगायच्या आत तो शब्द तुम्हाला कळला. स्टेपनीमागे यांच्या जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेली कॉइल सापडली, डब्यासकट, कोरी. तुम्ही ती बसवलीत आणि बनियन घडी घालून माझ्या हातात दिलंत. हात पुसायला फडकं शोधत होता, तरी ते वापरलं नाहीत.

त्या दिवशी गाडी दोन तास थांबली नाही.

त्यानंतर तुम्ही मला शिकवायला घेतलंत. प्रत्येक प्लगला ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरचं टोपण काढून आतले पॉइंट्स, म्हणजे ठिणगीसाठी उघडझाप करणारे धातूचे टोक, कसे घासायचे, मापाची पट्टी हाताशी नसली तर काड्यापेटीच्या पुठ्ठ्याने अंतर कसं जमवायचं, व्ही-एट ठेक्यात चालतंय की एखादं सिलिंडर गप्प आहे हे कानाने कसं ओळखायचं. सत्तरी ओलांडलेल्या बाईला हे कशाला, असा चेहरा तुम्ही एकदाही केला नाहीत. २०२२ च्या ऑगस्टमध्ये 'बॅक टू द ब्रिक्स' या फ्लिंटच्या जुन्या गाड्यांच्या मेळ्यात सॅगिनॉ स्ट्रीटच्या विटांवरून गाडी मी चालवत नेली, तुम्ही शेजारी, खिडकीबाहेर कोपर. पंखांवर ऊन पडलं होतं. लोक हात करत होते आणि तुम्ही प्रत्येकाला 'गाडी हिची आहे' असं माझ्याकडे बोट करून दाखवत होता.

आपला एक वाद मात्र मिटलेला नाही. तुम्हाला १९५९ च्या कॅडिलॅकचे पंख आवडतात, सगळ्यांत उंच, बंदुकीच्या गोळ्यांसारखे जोडदिवे लावलेले. मला तो भपका वाटतो. १९४८ च्या कॅडिलॅकवर पहिल्यांदा पंख आले ते लढाऊ पी-३८ विमानाची जोडशेपटी बघून, हे तुम्हीच सांगितलंत. तेव्हा ते जरासे उचललेले होते, दिव्यापुरते. पुढे कंपन्यांची चढाओढ लागली. आपल्या बेल एअरचा पंख त्या दोन्हींच्या मधला आहे, माफक. आणि त्याच्या आडोशाला झाकण आहे, म्हणून मला तोच प्रिय.

गेल्या हिवाळ्यापासून तुमचा उजवा हात थरथरतो. तुम्ही येता, घडीच्या खुर्चीत बसता आणि डोळे मिटून इंजिन ऐकता. मी पाना फिरवते. वहीत आता माझं अक्षर आहे, यांच्या शेवटच्या ओळीखाली एक ओळ सोडून सुरू केलेलं. परवाची नोंद अशी आहे:

'पॉइंट्स साफ केले. तीन नंबरचा प्लग बदलला. दादांनी ऐकून सांगितलं, अजून थोडं. थोडं फिरवलं. आता बरोबर, म्हणाले.'

तुमची,
समोरच्या घरातली