'हितसंबंधित व्यक्ती' कोण असते, साहेब? विधी व न्याय मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री महोदय,
विधी व न्याय विभाग, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

विषय : देवस्थानच्या हिशेबांच्या चौकशीचा अर्ज दप्तरी दाखल झाल्याबाबत.

महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या खात्याखालच्या एका धर्मादाय कार्यालयातून आम्हा सात अर्जदारांना पत्र आलं. दोनच ओळी. 'अर्जदार हे सदर न्यासात हितसंबंधित व्यक्ती असल्याचे दिसून येत नाही, सबब अर्ज दप्तरी दाखल करण्यात येत आहे.' चौदा महिने थांबवून हातात एवढंच. तीन महिन्यांत निरीक्षकांचा अहवाल देतो, असं तोंडी सांगितलं होतं. तेव्हा बसा म्हणाले होते, चहाही पाजला होता.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० हा कायदा आपल्याच खात्याचा. हितसंबंधित व्यक्ती म्हणजे कोण, ते त्याच्या कलम २(१०) मध्ये लिहिलेलं आहे. देवळाच्या बाबतीत, ज्याला तिथल्या पूजाअर्चेला हजर राहायचा हक्क आहे किंवा जो नेहमी हजर राहतो, तिथल्या वाटपात ज्याचा वाटा असतो, तो. आमच्यातले चौघं दर मंगळवारी-शुक्रवारी आरतीला असतात. एकाच्या घराण्याकडे पालखीपुढच्या अब्दागिरीचा मान आहे. तरी आम्ही हितसंबंधित नाही. मग कोण? ज्याच्या भाच्याकडे पार्किंगचा ठेका आहे तो?

देवस्थानचं नाव इथे लिहीत नाही. लिहिलं की बदनामीची नोटीस येणार, आणि हिशेब बाजूला राहून आम्ही वकील शोधत फिरणार. ते सांगली जिल्ह्यातलं आहे एवढं पुरे. शिवाय कृष्णाकाठ असो, येरळाकाठ असो की माणदेश, जाणत्या माणसाला पुढचं वाचून आपापलं गाव आठवेल.

लोकांना वाटतं पैसा दानपेटीतून जातो. पेटीवर कॅमेरा आहे, मोजणीला बँकेचा माणूस बसतो, पेटीत हात कोण घालेल? पैसा पेटी आणि कीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही) यांच्या मधल्या वाटेवर जातो. मोजणी नीट करायची तर रीत सगळ्यांना माहीत आहे. पेटीला दोन कुलपं, एक किल्ली विश्वस्ताकडे, दुसरी व्यवस्थापकाकडे. वर लाखेचं सील, आणि सील शाबूत होतं की नाही ही पंचनाम्याची पहिली ओळ. मग कुठल्या नोटा किती ते वेगवेगळं, नाणी वजनावर, त्याच दिवशी भरणा आणि भरणा पावतीचा क्रमांक त्याच पंचनाम्यावर. आमच्याकडे पंचनाम्यात एकच एकूण आकडा असतो. नोटांचा तपशील 'स्वतंत्र कागदावर', आणि तो कागद फायलीला नसतो. भरणा चार दिवसांनी, कारण मध्ये रविवार, नंतर अध्यक्ष मुंबईला. तेवढे दिवस रक्कम 'हातशिल्लक' म्हणून फिरते. विश्वस्त बदलल्याच्या अर्जावरच्या वादात दाखल झालेल्या कीर्दीच्या प्रती आम्ही पाहिल्या. अधल्यामधल्या दिवशीची हातशिल्लक सात आकडी, आणि ३१ मार्चच्या ताळेबंदात पाच आकडी. देवाचा पैसा कुणीतरी वर्षभर बिनव्याजी वापरतं आणि मार्च संपताना आणून ठेवतं, याशिवाय दुसरा अर्थ आम्हाला लागत नाही. आपल्याला लागला तर कळवावा.

पावती पुस्तकांचं तेच. छापखान्याचं बिल शंभर पुस्तकांचं, साठा रजिस्टरला ऐंशी. उरलेली वीस यात्रेत मांडवाबाहेरच्या टेबलावर असतात. अभिषेकाच्या पावतीचा क्रमांक बघायची भाविकाला सवय नसते, अंगारा मिळाला की तो एसटी गाठायला पळतो.

आयकराचीही इथे मोकळीक आहे. आयकर कायद्याप्रमाणे निनावी देणगीवर ३० टक्के कर लागतो, पण संस्था निव्वळ धार्मिक असेल तर लागत नाही. हुंडीत टाकणाऱ्याचं नाव कोण विचारणार, म्हणून सवलत समजू शकतो. पण तिचा फायदा घेऊन बाहेरची रोकड पेटीतून 'देणगी' होऊन येऊ शकते, जीर्णोद्धाराच्या ठेकेदाराला बिल म्हणून जाऊ शकते, आणि तिथून पुढे कुठे पोचते हे विचारणारा कुणीच नसतो. साध्या माणसाला देणगीवर आयकराची सवलत हवी असेल तर मात्र दोन हजारांवर एक रुपया रोख चालत नाही.

दागिन्यांची नोंद 'पिवळ्या धातूची वस्तू, अंदाजे' अशी होते. ढोबळ वजन लिहितात, त्यात आतला लाखेचा भराव, मणी, खडे सगळं आलं. पुढे दागिने आटवून लगड केली की 'लाख जळाली' म्हणतात. लाखेबरोबर सोनं किती जळालं ते निव्वळ वजन आधी लिहिलेलं असेल तरच कळणार ना? विश्वस्त कायद्याच्या कलम ३६-ब खाली जंगम-स्थावर मालमत्तेचं रजिस्टर ठेवायचं असतं. आहे म्हणतात. कपाटात आहे, आणि कपाटाची किल्ली सापडत नाही.

हे सगळं किरकोळ. घबाड जमिनीत आहे.

सांगली-मिरज-तासगाव पटवर्धनांचा मुलूख, जत डफळ्यांचं, आटपाडी औंध संस्थानात. या सगळ्यांनी दिवाबत्तीला, नैवेद्याला देवांना रानं लावून दिली. महसुलात ती देवस्थान इनाम वर्ग ३ म्हणून ओळखली जातात आणि ती अशी उठून विकता येत नाहीत. तरी कमी होतात. कशी, ते पाहा. जुन्या सातबाऱ्यावर भोगवटादार (जमीनधारक) म्हणून देवाचं नाव, खाली वहिवाटदार (देवाच्या वतीने व्यवस्था पाहणारा) म्हणून पुजाऱ्याचं. वहिवाटदार वारला, पोरांची वारस नोंद झाली, फेरफार (हक्कबदलाची नोंद) लिहिताना 'वहिवाटदार' हा शब्द गळाला. हस्तलिखित सातबारा संगणकावर चढवताना देव 'इतर हक्कात' सरकला. मग कुणीतरी तहसीलदारांकडे महसूल संहितेच्या कलम १५५ खाली लेखनप्रमाद दुरुस्तीचा अर्ज केला आणि देव तिथूनही उतरला. लेखनप्रमाद! तीनशे वर्षांचा देव म्हणजे शुद्धलेखनाची चूक. सप्टेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातल्या प्रकरणात स्पष्ट सांगितलं की जमिनीचा मालक देव, पुजारी फक्त व्यवस्था पाहणारा. आमच्या महसूल मंडळात तो निकाल पोचला नसावा. रेंज नसते इकडे.

हे शोधायला एसआयटी लागत नाही. तलाठ्याकडे गाव नमुना ३ असतो, दुमाला म्हणजे इनाम जमिनींची नोंदवही. ती आणि आजचा सातबारा शेजारी ठेवायचा. सर्व्हे नंबरांचे गट झालेत, म्हणून जुळवायला एकत्रीकरण योजनेचा उतारा घ्यायचा. नमुना ३ मध्ये देव आहे आणि सातबाऱ्यावर नाही, असा गट दिसला की मधले फेरफार क्रमाने काढायचे. कुठल्या फेरफारात देव गेला, सही कुणाची, सगळं बाहेर येतं. मध्यम गावाला दोन दिवस लागतात. आम्ही एका गावाचं करून अर्जाला जोडलं होतं. ते जोडपत्र उघडलंच नसावं, कारण स्टेपल जसाच्या तसा परत आलाय.

ज्या जमिनी देवाच्या नावावर टिकल्या त्यांचं उत्पन्न बघा. पाटाचं पाणी असलेल्या रानाचा खंड (वर्षाचं भाडं) एकरी पाचशे रुपये. तिथे ऊस एकरी चाळीस टन धरा, टनाला तीन हजार धरा, एक लाख वीस हजार होतात. निम्मा खर्च टाका, तरी साठ हजार उरतात. बांधावर बसून केलेला हिशेब आहे, पाच-दहा टन इकडेतिकडे होतील, पण साठ हजारांचे पाचशे होणार नाहीत. कारखान्याच्या शेती खात्यात ऊस नोंद गटवार असते, देवाच्या गटातला ऊस कुणाच्या नावावर गाळपाला गेला ते एका कागदावर मिळतं. कारखान्याचा संचालक आणि देवस्थानचा विश्वस्त एकाच घरातले असल्यावर तो कागद मागायचा कुणाकडे?

आणि सगळ्यात चीड आणणारी गोष्ट. याच जमिनींना कूळ कायद्याच्या कलम ८८-ब चं प्रमाणपत्र आहे, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्या कुळाला मालकी मागता आली नाही. त्या प्रमाणपत्राची अट अशी की जमिनीचं सगळं उत्पन्न न्यासाच्या कामी लागलं पाहिजे. देवाचं कारण सांगून कुळाला हाकललं, आणि त्या रानात आता ट्रॅक्टर कुणाचे फिरतात ते गावातलं शेंबडं पोर सांगेल. विक्रीला विश्वस्त कायद्याच्या कलम ३६ ची पूर्वमंजुरी लागते, तिथेही २०१७ च्या दुरुस्तीने अपवादात्मक परिस्थितीत कार्योत्तर (व्यवहार झाल्यावरच्या) मंजुरीची वाट काढून ठेवली आहे. अपवाद कुणाचा निघतो ते आपणही जाणता.

दुकानगाळ्यांबद्दल फार सांगत नाही. तीन वर्षांवरच्या भाडेपट्ट्याला मंजुरी लागते, म्हणून अकरा महिन्यांचे करार, तेच गाळे, तीच माणसं, तेच भाडं, वर्षानुवर्षं. पागडी रोख.

आता ठेवी. कलम ३५ सरळ सांगतं की न्यासाचा शिलकी पैसा शेड्यूल्ड बँकेत, पोस्टात, शासनाने त्यासाठी मान्य केलेल्या सहकारी बँकेत किंवा सरकारी रोख्यांत ठेवा. पतसंस्था त्यात बसत नाही. बँकेतल्या ठेवीला निदान पाच लाखांचं विमा संरक्षण आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला तेही नाही. सांगलीकरांना हे शिकवायला नको, वसंतदादा बँकेच्या ठेवीदारांचे हाल इथे सगळ्यांनी पाहिलेत. शेजारी कराड जनता बँकेचा परवाना डिसेंबर २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने रद्द केला. तरी देवस्थानची मुदत ठेव एका पतसंस्थेत, जिच्या अध्यक्षांचे व्याही विश्वस्त आहेत. त्या ठेवीच्या जोरावर कर्जं वाटायची, कर्जदार म्हणजे गावोगावचे कार्यकर्ते, आणि निवडणुकीत त्यांनी राबायचं. राजकारण देवळात शिरतं म्हणतात ते असं. भाषणाबिषणाची गरज पडत नाही.

विश्वस्त बदलले की ९० दिवसांत कलम २२ खाली बदल अर्ज द्यायचा असतो. दिला जातो. विरोधी गट हरकत घेतो, प्रकरण पडून राहतं, आणि तोवर जुनेच लोक चेकवर सह्या करतात. तारीख लांबणं दोन्ही गटांना परवडतं. भाविकांना कोण विचारतो? मध्येच देवस्थानला 'क' वर्ग तीर्थक्षेत्राचा दर्जा मिळतो, जिल्हा नियोजन समितीतून निधी येतो. सभामंडपाची फरशी सरकारी पैशात बसते आणि तीच फरशी देवस्थानच्या खर्चातही दिसते. दोन्ही मोजमाप पुस्तकं मागवा आणि चौरस फूट जुळवून बघा. आमच्या हिशेबाने तेवढ्या फरशीत देऊळ मावून वर शाळेचं पटांगण झाकलं जाईल.

लेखापरीक्षण होत नाही असं मात्र कुणी म्हणू नये. दरवर्षी होतं. विश्वस्त कायद्याखालच्या नियम १९ प्रमाणे लेखापरीक्षकाला ठरलेल्या प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात, आणि ते प्रश्न इतके नेमके आहेत की लिहिणाऱ्याला दंडवत घालावा. जंगम मालमत्तेचं रजिस्टर आहे का? ५,००० रुपयांवरच्या बांधकामाला निविदा मागवल्या का? कलम ३५ विरुद्ध गुंतवणूक आहे का? कुणी विश्वस्त न्यासाचा ऋणको किंवा धनको आहे का? मागच्या वर्षीचे दोष दुरुस्त केले का? आम्ही पाच वर्षांच्या नकला काढल्या. उत्तरं पाचही वर्षं तीच, त्याच क्रमाने : होय, होय, नाही, नाही, लागू नाही. एका वर्षी 'लागू'चा 'लागु' झालाय, तो पुढच्या तिन्ही वर्षी तसाच. कलम ३५ पुढे 'नाही' लिहिलंय आणि पान उलटलं की ताळेबंदात 'मुदत ठेव, पतसंस्था' अशी छापील ओळ. एकाच दस्तऐवजात, एकाच सहीखाली. लेखापरीक्षक विश्वस्तांनी नेमायचा, फी विश्वस्तांनी द्यायची, तो दुसरं काय लिहिणार? पण आपल्या कार्यालयात हा कागद घेणाऱ्याने पान उलटायला काय हरकत होती?

यावर कुणी म्हणेल, देवस्थान सरकारने ताब्यात घ्यावं. नको, साहेब. शिर्डीला २००४ चा स्वतंत्र कायदा आहे, म्हणून तर २०१८ मध्ये निळवंडे धरणाच्या कालव्यांसाठी संस्थानाचे ५०० कोटी बिनव्याजी द्यायचा निर्णय सरकारला घेता आला. पाणी पवित्रच, पण पेटीत टाकणाऱ्याने कालव्यासाठी टाकले होते का? पंढरपूरचा कायदा १९७३ चा, आणि बडवे-उत्पातांचा वाद सर्वोच्च न्यायालयात मिटायला २०१४ उजाडलं. पश्चिम महाराष्ट्र देवस्थान समितीकडे आपल्या जिल्ह्यातल्यासह तीन हजारांवर देवळं, आणि तिच्या नेमणुका कशा होतात ते वर्तमानपत्रं वाचणाऱ्याला सांगायला नको. सरकार बदललं की समिती जाते, नाराजांची सोय करायला नवी येते. साताऱ्यात मांढरदेवीला २५ जानेवारी २००५ रोजी चेंगराचेंगरीत अडीचशेहून अधिक माणसं दगावली, तेव्हा वाटा, पायऱ्या, दुकानं, गर्दी सगळं सरकारला एका दिवसात आठवलं. तोवर सगळ्यांचे अहवाल 'निरंक' होते.

मागणं फार नाही. आमचा अर्ज कलम २(१०) वाचून पुन्हा घ्यावा. कलम ३७ खाली निरीक्षक पाठवून पाच वर्षांची कीर्द, पावती साठा रजिस्टर आणि बँकेचे उतारे एकत्र लावावेत. पतसंस्थेतली ठेव मोडून बँकेत आणायचा आदेश कलम ४१-अ खाली द्यावा. जमिनीचं आपल्या खात्यात नाही म्हणाल, तर महसूलकडे एक पत्र तरी लिहावं. आपण पालखीला खांदा द्यायला येता तेव्हा सगळी खाती बरोबर असतात.

कळावे,

आपले,
सात हितसंबंधित नसलेले भाविक
जि. सांगली

ता. क. : पेटी येत्या अमावास्येनंतर उघडणार आहे. निरीक्षक पाठवणार असाल तर आधी फोन करू नये. मागच्या खेपेला फोन करून आले होते, कार्यालयात शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. शालीचे ८५० रुपये 'धार्मिक विधी खर्च' या सदरात पडले आहेत.