काकू, त्या कॅलेंडरच्या पानाबद्दल

प्रिय काकू,

सा. न.

‘माझं नाव घालू नकोस’ म्हणालात, म्हणून घातलेलं नाही. पण पत्र उघडच लिहितेय. तोंडावर आभार मानायला लागलं की तुम्ही चहाचं आधण ठेवायला उठता आणि माझं बोलणं राहून जातं. शिवाय हातातली नोकरी आणि समोर आलेली नोकरी यांच्यामध्ये आज आणखी कुणीतरी अडकलेलं असेल, त्यालाही तुमचं ते हिशेबाचं पान उपयोगी पडेल.

एप्रिल २०२५ मध्ये मी तुमच्या दारात आले तेव्हा सगळ्यांचे सल्ले घेऊन झाले होते. भाऊ म्हणाला होता, “अठरा लाखांवरून अकरावर? घराचे हप्ते कोण भरणार?” मैत्रीण म्हणाली होती, मन सांगतं ते कर. दोघांनाही माझी काळजी होती, पण दोघांशी बोलून झोप येत नव्हती ती नव्हतीच. तुम्ही दोन्हीतलं काही बोलला नाहीत. “पगाराची स्लिप आहे का?” एवढंच विचारलंत. बँकेच्या कर्ज विभागात तीस वर्षं काढलेल्या बाईचा तो प्रश्न होता, आणि तो ऐकून मला पहिल्यांदा जरा धीर आला.

पत्र वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं सांगते. मी भूशास्त्रात एम.एस्सी. केलं. नंतर नोकरी लागली ती नकाशांच्या कंपनीत, हिंजवडीला. परदेशातल्या गावांमधल्या केबलच्या लाइनी संगणकावर आखायच्या आणि तपासायच्या. काम वाईट नव्हतं, माणसंही चांगली होती. पण अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या सकाळी दहाची मीटिंग आपल्याकडे थंडीत रात्री साडेआठला येते, उन्हाळ्यात साडेसातला. वारज्यातल्या घरी पोहोचेपर्यंत मुलगी झोपलेली असायची. ज्या दगडासाठी मी दोन वर्षं डोंगर तुडवले, तो आता फक्त घाटातून जाताना गाडीच्या काचेतून दिसायचा. अशात भूजलावर काम करणाऱ्या एका संस्थेनं बोलावलं. पुरंदर तालुक्यातल्या विहिरी मोजायच्या, कुठल्या थरात पाणी मुरतं ते बघायचं आणि गावाबरोबर बसून वाटपाचं ठरवायचं. महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसॉल्टचा, काळ्या कातळाचा. त्यात पाणी राहतं ते मुरमात, भेगांत, बारीक पोकळ्या असलेल्या मांजऱ्या खडकात. हे मी शिकले होते आणि वापरत नव्हते. पगार मात्र महिन्याला ९०,००० रुपये. घरी नवरा तासिका तत्त्वावर शिकवतो, त्याचे पैसे कधी येतील याचा नेम नाही. आई आमच्याकडे, तिला मधुमेह. घराचा हप्ता ३४,०००.

तुम्ही भिंतीवरून गेल्या वर्षीचं कॅलेंडर काढलंत, डिसेंबरचं पान फाडलंत आणि पाठीवर दोन रकाने आखलेत. डावीकडे अठरा लाख लिहून म्हणालात, “हा आकडा तुला कधी हातात मिळालाय का?” मग एकेक वजा करत गेलात. १,८०,००० व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर मिळणारा भाग, जे तीन वर्षांत एकदाही पुरतं मिळालं नव्हतं. कंपनीच्या वाट्याचा पीएफ, ६०,००० बेसिकवर महिन्याला ७,२००. ग्रॅच्युइटी, म्हणजे पाच वर्षं भरल्यावर नोकरी सोडताना मिळणारी रक्कम, तीही त्याच अठरात धरलेली. राहिले पंधरा लाख. त्यावर नव्या कररचनेत ९७,५०० रुपये कर. माझ्या पगारातून कापला जाणारा तेवढाच पीएफ. व्यवसाय कर. शेवटी महिन्याला हातात साधारण १,०९,०००.

उजवीकडे ९०,०००. पीएफ १,८००, व्यवसाय कर २००. आणि आयकर शून्य. कारण २०२५-२६ पासून ७५,००० ची प्रमाणित वजावट धरून पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत कर पडत नाही, हे मला वर्तमानपत्रातून ठाऊक होतं, पण स्वतःला लावून बघितलं नव्हतं. हातात ८८,०००.

सात लाखांचा फरक महिन्याला एकवीस हजारांवर आला. मला रडूच आलं. तुम्ही लगेच थांबवलंत. “अगं, खूश होऊ नकोस. पीएफ तुझाच पैसा आहे. वर्षाला सव्वा लाखाच्या वर म्हातारपणातून जातायत, ते आज दिसत नाहीत एवढंच.” हे तुम्ही सांगितलंत म्हणून बाकीच्या सगळ्यावर माझा विश्वास बसला. मला जे ऐकायचं होतं तेवढंच सांगून पाठवलं असतंत, तर घरी जाईपर्यंत शंका परत आल्या असत्या.

मग तुम्ही एक गोष्ट विचारलीत जी कुणीच विचारली नव्हती: दमल्यामुळे किती खर्च होतो? पाळणाघराचे उशिराचे तास, बाहेरून मागवलेलं जेवण, रात्री केलेली कॅब. बेरीज ९,५०० झाली. मी ते सगळं वाचणार म्हणून धरत होते, तुम्ही पेन्सिलीनं निम्मं केलंत. “सवय पगाराबरोबर सुटत नाही.” त्यात पेट्रोल मिळवून महिन्याला सात हजार. कर्जाचा हप्ता पगाराच्या ३१ टक्क्यांवरून ३९ टक्क्यांच्या आसपास जात होता. तुम्ही त्याच्याखाली रेघ मारलीत आणि म्हणालात, “चाळीसच्या वर गेलं असतं तर मी तुला आहे तिथेच बस म्हटलं असतं.”

त्या दिवशी होकार द्यायची माझी तयारी झाली होती. तुम्ही दिलात उलटा अभ्यास: मे आणि जून ८८,००० मध्ये राहून दाखव, उरलेले २१,००० पगार झाल्याच्या दिवशी दुसऱ्या खात्यात टाक. मे महिना जमला. जूनमध्ये शाळेची फी, वह्या, रेनकोट, बूट, आणि त्या खात्यातून चौदा हजार परत काढावे लागले. मी नापास झाल्यासारखी तुमच्याकडे आले. तुम्ही पानावर ‘जून’ असं वेगळं लिहिलंत आणि म्हणालात, “बरं झालं आत्ताच कळलं. आता दर महिन्याला बाराशे रुपये जूनचे बाजूला काढायचे.”

दोन गोष्टींनी तर तुम्ही मला खऱ्या नुकसानीतून वाचवलंत. पहिली ग्रॅच्युइटी. मी ऑफर आली त्याच आठवड्यात राजीनामा देणार होते. तुम्ही विचारलंत, रुजू कधी झालीस? ८ ऑक्टोबर २०२०. नोटीस पीरियड ९० दिवसांचा, म्हणजे जुलैअखेर मी बाहेर, पाच वर्षांना सव्वादोन महिने कमी. तुम्ही गणित मांडलंत: ६०,००० गुणिले १५ भागिले २६, गुणिले ५. एक लाख त्र्याहत्तर हजार रुपये. तेव्हाचा कायदा १९७२ पासूनचा होता आणि मला तो माझ्या पगाराच्या कागदावरही दिसला नव्हता. चार वर्षं २४० दिवसांवर मिळते असं कुणी कुणी म्हणतं, पण त्यासाठी भांडत बसण्यापेक्षा तारीख पुढे ने, हा तुमचा सल्ला मी ऐकला. जुलैच्या मध्यात राजीनामा दिला. संस्थेला घाबरत विचारलं, तर ते म्हणाले, पावसाळ्यानंतरची विहिरींची मोजणी ऑक्टोबरमध्येच असते, तेव्हाच या.

दुसरी गोष्ट आईचा विमा. कंपनीच्या गटविम्यात ती होती, नव्या ठिकाणी आईवडिलांना विमा नाही. नोकरी सुटली की विमा सुटतो, आणि मधुमेहाच्या माणसाला नवी पॉलिसी घेतली तर जुन्या आजारासाठी थांबायला लागतं. गटविमा चालू असतानाच त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्यासाठी अर्ज करता येतो आणि आधीची वर्षं धरली जातात, हे तुम्ही सांगितलंत, आणि “त्यांचा होकार लेखी आल्याशिवाय राजीनामा द्यायचा नाही” असंही बजावलंत. वर्षाचे ३२,००० रुपये त्या रकान्यात चढले. हिशेब पुन्हा घट्ट झाला. माझी म्युच्युअल फंडातली बचत जवळजवळ थांबणार हे तेव्हा स्पष्ट झालं, आणि ती किती दिवस थांबवायची तेही तुम्ही पानावरच लिहून घेतलंत. दोन वर्षं. त्याखाली माझी सही आहे.

संस्थेकडे काही मागायची मला लाज वाटत होती. तुम्ही जवळजवळ रागावलात. “चांगलं काम करणारे लोक आहेत म्हणून तू त्यांच्याकडे फुकट जेवायला जात नाहीयेस. गावात जायचा भत्ता आणि दर एप्रिलला पगाराचा विचार, दोन्ही पत्रात मागून घे.” मागितलं. मिळालं.

आणि सगळ्यात शेवटी, जुलैमध्ये, पान घडी करता करता तुम्ही तुमचं सांगितलंत. १९८९ साली ऑफिसरची बढती आली होती, बदलीसकट. सासरे अंथरुणाला खिळलेले. तुम्ही एका रात्रीत नाही म्हणालात. “ते बरोबर होतं की चूक, मला अजून माहीत नाही,” म्हणालात, “पण त्या रात्री माझ्यासमोर कागद घेऊन कुणी बसलं नव्हतं.” काकू, मी त्यावर काहीच बोलू शकले नाही, नुसती जिना उतरून आले. आज सांगते, माझ्यासमोर कुणीतरी बसलं होतं, हे मी विसरणार नाही.

आता कसं चाललंय ते तुम्ही जिन्यात भेटलं की विचारता आणि मी ‘छान’ म्हणून पळते. खरं सांगायचं तर काही महिने फार ओढाताण झाली. डिसेंबरमध्ये फ्रिज गेला आणि नवा घ्यायला ग्रॅच्युइटीच्या पैशांना हात लावावा लागला. भाचीच्या लग्नात मनासारखा आहेर करता आला नाही, ते मला लागलं आणि अजूनही लागतं. नवऱ्याचे तीन महिन्यांचे पैसे अडकलेत.

पण पहिल्याच आठवड्यात कऱ्हेच्या खोऱ्यातल्या एका विहिरीत मी टेप सोडला. वर मुरूम, मग मांजऱ्या खडक, त्याखाली सलग काळा कातळ, आणि दोन थरांच्या मधल्या तांबड्या पट्ट्यापाशी बारीक झरा. विहीरवाल्या आजोबांनी विचारलं, “ताई, आणखी खोल नेऊ का?” कातळ बघून मी म्हटलं, खाली जाऊ नका, आधी शेजारच्या ओढ्यावरचा बंधारा नीट करू. ते बघायला आम्ही दोघं ओढ्यापर्यंत चालत गेलो. त्या दिवशी सात वाजता मी घरी होते. मुलीनं विचारलं, आज सुट्टी होती का?

पान माझ्याकडेच आहे, कपाटात दागिन्यांच्या डब्यात. एप्रिलचं पगाराचं बोलणं आता जवळ आलंय, तेव्हा रविवारी ते घेऊन येते. उजवा रकाना पुन्हा भरायचा आहे. पुरंदरची अंजिरं लागलीत, तीही आणते. आईला मी दोनच देते, तुम्हाला मोजून देणार नाही.

तुमची,
खालच्या मजल्यावरची