तोंड कोरडे पडते? मग लाळ मोजा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

साठी उलटल्यावर दोन-तीन वर्षांतच एकामागून एक दात किडू लागले, की घरचे म्हणतात वय झाले, आणि दवाखान्यात ब्रश नीट करा असे सांगून पाठवले जाते. तोंडात लाळ पुरेशी सुटते का, हे मात्र कोणी विचारत नाही. ते मोजायला पाच मिनिटे लागतात, म्हणून हे पत्र.

काही खाल्ले नसताना निरोगी माणसाच्या तोंडात मिनिटाला साधारण 0.3 ते 0.4 मिलिलिटर लाळ येते. चावताना ती 1 ते 2 मिलिलिटरवर जाते. लाळ वाढली की तिचा कसही बदलतो. काही न खाता सुटणाऱ्या लाळेत बायकार्बोनेट अगदी थोडे असते, चावताना कानाजवळच्या ग्रंथींतून येणाऱ्या लाळेत ते कैक पटींनी वाढते. आम्ल मारण्याची ताकद, म्हणजे बफर क्षमता, मुख्यतः त्याच्यावर उभी आहे. म्हणून लाळ आटली की नुकसान दुहेरी होते: धुऊन नेणारे पाणी कमी आणि उरलेल्या पाण्यात आम्ल मारणारा घटकही कमी.

साखर तोंडात गेल्यावर काही मिनिटांतच दातांवरच्या थरातील जंतू आम्ल तयार करतात आणि तिथला सामू (pH, तो जितका कमी तितके आम्ल जास्त) 5.5 च्या खाली उतरतो. तिथून एनॅमल, म्हणजे दातावरचे कठीण आवरण, विरघळू लागते. लाळ चांगली असेल तर अर्ध्या-एक तासात सामू पूर्ववत होतो. हिरडी खाली सरकून उघड्या पडलेल्या मुळावर एनॅमल नसते, त्यामुळे मूळ 6.2-6.4 सामूच्या आसपासच विरघळू लागते. ज्येष्ठांची कीड हिरडीलगत, तपकिरी आणि टोकदार हत्याराला मऊ लागणारी असते ती यामुळेच. अशा तोंडात आम्हा दंतवैद्यांचा तपासणीचा आरसा गालाला चिकटतो, सोडवून घ्यावा लागतो.

नुसत्या वयामुळे तोंड इतके कोरडे पडत नाही. बहुतेक वेळा कारण गोळ्यांच्या डब्यात असते: सर्दी-अ‍ॅलर्जीची सिट्रिझिन, झोपेसाठी किंवा नसांच्या दुखण्यासाठी दिलेली अमिट्रिप्टिलीन, वारंवार लघवीवरची ऑक्सिब्युटिनिन, रक्तदाबासाठीची लघवी वाढवणारी औषधे. एकापेक्षा जास्त चालू असतील तर परिणाम वाढत जातो. आटोक्यात नसलेला मधुमेह, स्जोग्रेन आजार (यात शरीराची प्रतिकारशक्ती लाळेच्या ग्रंथींवरच उलटते) आणि तोंडा-घशाच्या कर्करोगावरील रेडिएशन ही बाकीची कारणे. तंबाखूमुळे आपल्याकडे असे रुग्ण कमी नाहीत. रेडिएशन सुरू होण्याआधीच दातांची तपासणी व्हायला हवी, नंतर दात काढणे जबड्याच्या हाडाला धोक्याचे असते.

मोजण्याची रीत अशी. सकाळी, आधी तासभर खाणे, पिणे, ब्रश, धूम्रपान काही नको. ताठ बसा, तोंडातली लाळ एकदा गिळा आणि घड्याळ लावा. मान किंचित पुढे झुकवून पाच मिनिटे लाळ छोट्या कपात ओघळू द्या, ओढून थुंकू नका. मग सुई नसलेल्या 2 मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये ओढून मोजा, फेस धरू नका. पाच मिनिटांत 0.5 मिलिलिटरपेक्षा कमी आली तर लाळ खरोखरच अपुरी आहे. तो आकडा आणि चालू गोळ्यांची यादी घेऊन डॉक्टरांकडे जा. गोळी मनाने बंद करू नका. बदलायची, वेळ हलवायची की मात्रा कमी करायची, हे त्यांनी ठरवायचे.

तोंड कोरडे म्हणून खडीसाखर, लिंबाची किंवा खोकल्याची गोळी गालात धरून झोपणे ही सर्वांत घातक सवय. झोपेत लाळ जवळजवळ थांबते, त्यामुळे ते आम्ल रात्रभर तसेच राहते. दिवसभर गोड चहाचे घोट घेत राहिल्यानेही सामूला वर यायला उसंत मिळत नाही. चहा जेवणाबरोबर किंवा एका बैठकीत संपवा. चघळायला झायलिटॉलचे (दात न किडवणाऱ्या गोड पदार्थाचे) बिनसाखरेचे च्युइंगगम, जेवणानंतर दहा ते वीस मिनिटे. कवळीमुळे ते जमत नसेल तर साधी बडीशेप, साखरेचा लेप असलेली नव्हे. सुपारी कदापि नको. ग्लासभर पाण्यात अर्धा चमचा खाण्याचा सोडा घालून चुळा भरा, पण गिळू नका, रक्तदाब असलेल्यांनी तर मुळीच गिळू नये. रात्री फ्लोराइडच्या पेस्टने ब्रश करून फेस थुंकावा आणि वर पाण्याने चूळ भरू नये. लाळ फारच कमी असलेल्यांना 5000 पीपीएम (दहा लाख भागांत 5000 भाग) फ्लोराइडची पेस्ट लागते, ती दंतवैद्याने लिहून द्यावी.

औषधे लिहिणाऱ्या डॉक्टरांना एक विनंती: दर भेटीत "कोरडी भाकरी पाण्याशिवाय गिळता येते का?" एवढे विचारावे. उत्तर "नाही" असे आले तर रुग्णाला दाढ दुखायच्या आधी आमच्याकडे पाठवावे.

आपला,
एक दंतवैद्य, सातारा