नट आधी प्रेक्षागृहात घडतो

मा. संपादक,

इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, जवळ आला की वृत्तपत्रांतून पाहुण्या कलाकारांची छायाचित्रे झळकू लागतात. हे कलाकार घडले कसे, याविषयी मात्र क्वचितच काही वाचायला मिळते, म्हणून हा पत्रप्रपंच.

फ्रेंच अभिनेता ताहार रहीम याचेच पाहा. मूळच्या अल्जीरियन कुटुंबात १९८१ साली पूर्व फ्रान्समधील बेलफोर या मध्यम आकाराच्या शहरात तो जन्मला. तिथल्या कंटाळवाण्या दिवसांत चित्रपटगृह हाच त्याचा मोठा विरंगुळा होता आणि पडद्यावर जाण्याची ओढ त्याला तिथेच लागली. पुढे अन्य विषयांत थोडी धडपड करून त्याने माँपेलिएच्या विद्यापीठात चित्रपटाचा अभ्यास केला, पॅरिसला अभिनयाचे धडे गिरवले आणि पोटासाठी पडेल ते काम केले. दिग्दर्शक जाक ओदियार यांनी 'अ प्रॉफेट'च्या मुख्य भूमिकेसाठी त्याला निवडले, तोवर त्याच्या नावावर मोजकीच कामे होती. २००९ मध्ये या चित्रपटाने कान महोत्सवात ग्राँ प्री हे दुसऱ्या क्रमांकाचे पारितोषिक पटकावले आणि पुढच्याच वर्षी सर्वोत्कृष्ट अभिनेता व सर्वोत्कृष्ट नवोदित अभिनेता हे दोन्ही सेझार, म्हणजे फ्रान्सचे मानाचे चित्रपट पुरस्कार, रहीमला मिळाले. बातमी होते ती या पुरस्कारांची; मला मात्र बेलफोरचे ते चित्रपटगृह अधिक मोलाचे वाटते.

फ्रान्समध्ये ही गोष्ट केवळ नशिबावर सोडलेली नाही. १९८९ पासून माध्यमिक आणि १९९४ पासून प्राथमिक शाळांसाठी तिथे योजना आहेत, ज्यांत मुले शाळेच्या वेळेत शिक्षकांसह चित्रपटगृहात जाऊन निवडक चित्रपट पाहतात आणि परतल्यावर वर्गात त्यावर चर्चा करतात.

गोव्यात अभिनयाची हौस शिकवावी लागत नाही. कोणत्याही जत्रेच्या नाटकाला विंगेत डोकवावे. स्वतःच्या प्रवेशाला अवकाश असलेले, तोंडाला रंग लावलेले एखादे पोर दुसऱ्याचे संवाद ओठांतल्या ओठांत म्हणत उभे असते. अशा मुलाला शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवणे सहज जमते, पण कॅमेऱ्यासमोर नुसत्या नजरेने काम भागते हे त्याला कळावे कसे? तसा अभिनय त्याने मोठ्या पडद्यावर, अंधारात बसून, पुन्हा पुन्हा पाहायला हवा. २००४ पासून गोव्यात भरणारा इफ्फी प्रामुख्याने पणजीत होतो आणि पाहता पाहता संपतो. सत्तरी किंवा काणकोणसारख्या दूरच्या तालुक्यातल्या मुलाच्या वाट्याला त्यातले फारसे काही येत नाही.

मडगाव, साखळी, कुडचडे येथे रवींद्र भवने ही सरकारी कलामंदिरे उभी आहेत आणि अनेक शाळांच्या दारात बालरथ, म्हणजे सरकारी योजनेतून मिळालेल्या शाळेच्या बसगाड्या, आहेत. इफ्फीच्या आयोजनात असलेली गोवा मनोरंजन संस्था आणि शिक्षण खात्याने एकत्र बसून दर महिन्याला एक चांगला चित्रपट, मग तो मराठी, कोकणी किंवा परदेशी असो, विद्यार्थ्यांना विनामूल्य दाखवावा आणि आधी अर्धा तास जाणकाराने त्यांच्याशी बोलावे. भाषणे आणि दीपप्रज्वलन वगळले तर वेळही पुरेल! खर्चाची अडचण असल्यास निदान साखळीच्या रवींद्र भवनात येत्या शैक्षणिक वर्षापासून हा प्रयोग सुरू करावा, अशी विनंती आहे.

– एक नाट्यप्रेमी, साखळी