टॉवेल पोटात, भरपाई तेहतीस वर्षांनी

महोदय,

औरंगाबादच्या शासकीय रुग्णालयात १९६३ साली प्रसूतीनंतर केलेल्या कुटुंबनियोजन शस्त्रक्रियेत एका महिलेच्या पोटात टॉवेल राहिला आणि त्यातच तिचा मृत्यू झाला. कनिष्ठ न्यायालयाने तिच्या कुटुंबाला मंजूर केलेली ३६ हजार रुपयांची भरपाई उच्च न्यायालयाने नाकारली, आणि सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा मान्य केली तेव्हा १९९६ साल उजाडले होते. तिची मुले तोवर प्रौढ झाली असतील, हा विचार मनातून जात नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५च्या एका निकालाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत आली खरी. मात्र जिथे सर्वांनाच मोफत उपचार मिळतात, त्या रुग्णालयांतील रुग्णाला, म्हणजेच सर्वांत गरीब माणसाला, ती वाट बंदच राहिली. त्याला वकील, दिवाणी दावा आणि तारखा हेच सोसावे लागते.

मोफत उपचार घेणाऱ्यांनाही ग्राहक आयोगाकडे दाद मागता यावी, आणि शस्त्रक्रियेत शरीरात वस्तू राहण्यासारख्या उघड चुकांत शासनाने निकालाची वाट न पाहता अंतरिम भरपाई द्यावी, अशी माझी कळकळीची मागणी आहे.

– एक वाचक, नांदेड